ज्योत आणि मेण

पास्काच्या जागरणविधीत चर्चमधील सारे दिवे मालवले जातात. बाहेर अंगणात पेटविलेल्या नव्या अग्नीवर पास्काची मोठी मेणबत्ती पेटते आणि तिच्यावरून एकेक करीत भाविकांच्या हातांतील लहान मेणबत्त्या उजळत जातात. काही क्षणांत अवघे मंदिर प्रकाशाने भरून जाते. मोठ्या मेणबत्तीचा प्रकाश मात्र तसूभरही उणावलेला नसतो. त्यानंतर जे प्राचीन पास्कागीत गायिले जाते त्यात नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे, की ही ज्योत कितीही वाटली गेली तरी घटत नाही. त्याच गीताच्या लगतच्या चरणात मात्र आणखी एक गोष्ट येते, आणि कित्येक वर्षे ते गीत गाऊनही आमचे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. ही ज्योत वितळणाऱ्या मेणावर पोसली जाते आणि ते मेण मधमाशीने घडविले आहे, असे तो गीतकार सांगतो. ज्योतीचे गुणगान करताना त्याला मधमाशीचा विसर पडत नाही.

संगीताच्या फायलींची इंटरनेटवरून होणारी फुकट देवाणघेवाण आणि बौद्धिक संपदेचे हक्क यांविषयीचा वाद गेली पंचवीस वर्षे चालू आहे. त्या वादातील दोन्ही पक्षांचे लेखन वाचताना आम्हांला वारंवार या दोन चरणांची आठवण झाली. एक पक्ष केवळ ज्योतीविषयी बोलतो, दुसरा केवळ मेणाविषयी. हा वाद कायद्याचा आणि अर्थकारणाचा आहे हे खरेच. परंतु तो प्रथमतः शब्दांचा वाद आहे आणि म्हणून साहित्याच्या नियतकालिकात त्याचा परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये. फुकट देवाणघेवाण करणाऱ्यांनी आपल्या कृतीला 'वाटून घेणे' हे नाव दिले. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्याच कृतीला 'चाचेगिरी' म्हटले. एका शब्दात भाकरीचा सुगंध आहे, दुसऱ्यात रक्ताचा दर्प. दोन्ही शब्द उसने आहेत, आणि उसन्या शब्दांनी जेव्हा विचार केला जातो तेव्हा विचारही उसनाच राहतो. म्हणून या दोन शब्दांचीच प्रथम तपासणी करावी असे आम्ही योजिले आहे.

आधी घडलेल्या गोष्टी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एमपी-३ हे ध्वनी साठविण्याचे तंत्र जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी विकसित केले. मानवी कानाला जे सूक्ष्म ध्वनी एरवीही जाणवत नाहीत ते वगळून गाण्याची फाइल मूळ आकाराच्या सुमारे एकदशांशावर आणणे या तंत्राने शक्य झाले. १९९९ च्या जून महिन्यात बोस्टनच्या नॉर्थइस्टर्न विद्यापीठात शिकू लागलेल्या शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या तरुणाने 'नॅपस्टर' हा कार्यक्रम लोकांच्या हाती दिला. त्याची रचना साधी होती. गाणी नॅपस्टरच्या संगणकावर नव्हतीच. ती वापरणाऱ्यांच्या घरोघरच्या संगणकांवर होती. नॅपस्टरपाशी होती केवळ सूची: कोणते गाणे कोणापाशी आहे याची. मागणाऱ्याला सूचीवरून पत्ता मिळे आणि गाणे एका घरून थेट दुसऱ्या घरी जाई. पाहता पाहता कोट्यवधी लोक या सूचीत सामील झाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅपस्टरवर दावा दाखल केला. २००० च्या एप्रिलमध्ये 'मेटॅलिका' या प्रख्यात वाद्यवृंदाने स्वतंत्र दावा लावला. त्यांचे एक अपुरे, अप्रकाशित गाणे नॅपस्टरवर पसरून थेट रेडिओवर वाजू लागले होते. वृंदाचा तबलजी म्हणावा असा तालवादक लार्स उलरिक जुलैमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीस गेला. त्याच महिन्यात न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी नॅपस्टरविरुद्ध मनाईहुकूम दिला, अपील न्यायालयाने २००१ च्या फेब्रुवारीत त्याचा मुख्य भाग उचलून धरला आणि जुलैमध्ये ती सेवा बंद पडली. तथापि, तोवर सूचीवाचूनही चालणारी नवी जाळी निर्माण झाली होती. २००५ मध्ये ग्रॉकस्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की हक्कभंगास उत्तेजन देण्याच्या हेतूने जो साधन पुरवितो तो त्या भंगाला जबाबदार ठरू शकतो. कायद्याचा प्रश्न असा बव्हंशी निकाली निघाला. विवेकाचा प्रश्न निघाला नाही.

आता पहिल्या पक्षाचा शब्द घेऊ. 'वाटून घेणे' म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादाचा पाया भक्कम आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गाणे ही भाकरी नव्हे. भाकरीचे दोन तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्यास अर्धीच येते. गाणे दुसऱ्याला दिले तरी आपल्यापाशी पूर्ण उरते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी १८१३ च्या एका पत्रात कल्पनांविषयी हीच उपमा वापरली होती: माझ्या मेणबत्तीवर आपली मेणबत्ती पेटविणारा मला अंधारात टाकीत नाही, अशा आशयाची. आपल्याकडेही विद्या दिल्याने वाढते असे लहानपणापासून शिकविले जाते. कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात, एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या अनधिकृत तबकड्यांचा प्रश्न उपस्थित झाला असता, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की हक्कभंग करून काढलेली प्रत ही चोरीच्या मालासंबंधीच्या त्या कायद्यातील अर्थाने 'चोरलेली वस्तू' नव्हे. हक्कभंग निराळा आणि चोरी निराळी.

हा वाद इंटरनेटहून पुष्कळ जुना आहे. संत कोलंबाविषयीची आयर्लंडमधील परंपरागत कथा वाचकांपैकी काहींनी ऐकली असेल. सहाव्या शतकात कोलंबाने आपले गुरू फिनियन यांच्यापाशी असलेल्या स्तोत्रसंहितेची रात्री जागून गुपचूप नक्कल केली. गुरूने त्या नकलेवर हक्क सांगितला आणि प्रकरण राजा डर्मटपुढे गेले. वासरू जसे गाईच्या धन्याचे, तशी नक्कल मूळ ग्रंथाच्या धन्याची, असा न्याय राजाने दिला. कोलंबाला तो मानवला नाही. परंपरा सांगते की त्यातूनच सन ५६१ च्या सुमारास कूल ड्रेव्ने येथे लढाई होऊन रक्तपात झाला. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत स्तोत्रसंहितेची एक अतिप्राचीन हस्तलिखित प्रत जतन केलेली आहे. हीच ती नक्कल, असे परंपरा मानते. कथा घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिली गेली असल्याने इतिहास म्हणून ती जपूनच घ्यावी लागते. परंतु कथा म्हणून ती मार्मिक आहे. त्या ग्रंथातील स्तोत्रे ना फिनियनची होती, ना कोलंबाची. गाईचा धनी भांडला, वासराचा धनी भांडला. स्तोत्रकर्त्याचे नाव कोणी काढले नाही. आमच्या मते आजच्या वादाचे वर्मही येथेच आहे.

'वाटून घेणे' या शब्दातील उणीव या कथेवरून स्पष्ट होते. मनुष्य वाटतो ते स्वतःचे वाटतो. निदान वाटल्याने त्याला काही झळ लागते. आपल्या ताटातील अर्धी भाकरी देणाऱ्याच्या पोटात अर्धी भूक राहते, आणि त्या भुकेमुळेच त्या देण्याला मोल येते. नॅपस्टरवर गाणे ठेवणाऱ्याचे काहीच कमी होत नव्हते. त्याने ते गाणे रचले नव्हते, बसविले नव्हते, बहुधा विकतही घेतले नव्हते. ज्याला देत होता त्याचे नावगावही त्याला ठाऊक नव्हते. ज्या देण्यात देणाऱ्याचे काही जात नाही आणि घेणाऱ्याचा चेहराही दिसत नाही, त्याला औदार्य म्हणणे हे औदार्य या शब्दाचे अवमूल्यन आहे. गाणे वाटल्याने घटत नाही हे ज्योतीपुरते खरे. पण गीतकाराच्या रात्री, गायकाचा रियाज, वादकाची मजुरी आणि स्टुडिओचे भाडे यांना तो नियम लागू नाही. ते सारे मेण आहे, आणि मेण जळले की संपते.

येथवर वाचून दुसऱ्या पक्षाला आनंद झाला असेल. परंतु त्याचा शब्द तपासू लागताच तो आनंद टिकणार नाही. 'चाचेगिरी' म्हणजे भर समुद्रात शस्त्राच्या धाकाने जहाज लुटणे. कोवळ्या वयाच्या मुलाने शयनगृहात बसून गाणे उतरवून घेणे या कृतीला तो शब्द लावला की शिक्षाही त्याच मापाची मागितली जाते, आणि तसेच झाले. २००३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने २६१ सामान्य नागरिकांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील एक बारा वर्षांची मुलगी होती आणि तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटविले. पुढील पाच वर्षांत अशा प्रकारे ओढल्या गेलेल्यांची संख्या तीस हजारांवर गेली. मिनेसोटा राज्यातील एका स्त्रीवर २४ गाण्यांबद्दल खटला झाला. २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलर दंड ठरविला. फेरसुनावणीत २००९ मध्ये १९,२०,००० डॉलर. तिसऱ्या वेळी २०१० मध्ये १५,००,००० डॉलर. अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने मूळचीच २,२२,००० डॉलरची रक्कम कायम केली. ज्या गाण्याची विक्रीची किंमत ॲपलच्या दुकानात २००३ पासून ९९ सेंट होती, त्या एकेका गाण्यामागे ही रक्कम ९,२५० डॉलर पडते. न्यायाच्या तराजूत एका पारड्यात डॉलरभर गुन्हा आणि दुसऱ्यात नऊ हजार डॉलरांची शिक्षा असेल, तर तो तराजू धाक घालण्यासाठी उभारला आहे असेच म्हणावे लागेल. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्या संघटनेने हे सत्र थांबविण्याचे जाहीर केले.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. कंपन्या कलावंताच्या नावाने बोलत होत्या. कलावंताशी त्यांचे वर्तन कसे होते? १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नॅपस्टरवर दावा लावण्याच्या अवघा महिनाभर आधी, अमेरिकेच्या एका कायद्यात एक बारीकशी दुरुस्ती शिरली. तिच्यामुळे ध्वनिमुद्रण हे 'मजुरीवर करून घेतलेले काम' या वर्गात बसत होते. तसे झाले असते तर पस्तीस वर्षांनी आपला हक्क परत मागण्याचा कलावंताचा जो कायदेशीर अधिकार आहे तो बुडाला असता. कलावंतांनी ओरड केली आणि २००० मध्ये ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी गायिका कोर्टनी लव्ह हिने एका भाषणात आकडेमोड मांडली: दहा लाख डॉलर आगाऊ घेऊन लाखो तबकड्या विकणाऱ्या वृंदाच्या हाती, खर्च आणि वसुली वजा जाता, शेवटी काहीही उरत नाही. चाचे कोण, असा तिचा रोखठोक प्रश्न होता. तिच्या प्रत्येक आकड्याशी सहमत नसलेल्यालाही त्या प्रश्नाला बगल देता येणार नाही. मेणाचा कैवार घेणाऱ्याने मधमाशीलाच पोळ्याबाहेर ठेवावे, असा हा प्रकार होता.

आपल्या देशातही हे दुखणे नवीन नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत निराळे होते. ठरलेले मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला, असे ते मानीत. या मतभेदापायी ते दोघे काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. दोन्ही मतांमागे निर्मळ अंतःकरणे होती, म्हणूनच तो मतभेद अभ्यासण्याजोगा आहे. रफींच्या भूमिकेत संन्याशाचा निरिच्छपणा आहे. लताबाईंच्या भूमिकेत कामगाराचा न्याय आहे, आणि तो केवळ त्यांच्यासाठी नव्हता. निरिच्छपणा हा ज्याने त्याने स्वतःपुरता स्वीकारायचा गुण आहे. दुसऱ्याने आपल्या मजुरीविषयी निरिच्छ असावे, असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

१९७७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, चित्रपटासाठी मोबदला देऊन रचून घेतलेल्या संगीताचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याकडे जातो, असा निर्णय दिला. त्या निर्णयाला पुस्ती जोडताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका अन्यायाकडे लक्ष वेधले होते: भारतीय संगीताचा प्राण जो गायक, त्याला आपल्या कायद्यात स्थानच नाही. कलावंतांच्या सादरीकरणाच्या हक्कांना कायद्यात जागा मिळाली ती १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगीतांच्या अन्य वापराबद्दलच्या रॉयल्टीतील आपला वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी केलेला पाठपुरावा सर्वश्रुत आहे. म्हणजे आपल्याकडे फुकट्या श्रोत्याच्या आधी कित्येक वर्षे करारपत्रानेच मेण नेले होते.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेटींच्या प्रसाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. १९८० च्या दशकात कॅसेट आली तेव्हा एका मोठ्या कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली. अनधिकृत नकलांचा सुकाळ झाला. जुन्या लोकप्रिय गीतांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्या काढणाऱ्या 'टी-सिरीज'सारख्या कंपन्या झपाट्याने वर आल्या. पण त्याच स्वस्त यंत्रामुळे ज्या बोलींना आणि ज्या भजनमंडळ्यांना मुंबईच्या मोठ्या स्टुडिओने कधी दारात उभे केले नसते, त्यांची गाणी प्रथमच ध्वनिमुद्रित झाली. आपल्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या कॅसेटीही त्याच लाटेवर घरोघर पोहोचल्या. ज्या यंत्राने नक्कल केली त्यानेच मुक्या समाजाला कंठ दिला. म्हणून यंत्राला दोष देऊन चालत नाही.

फुकट देवाणघेवाणीने कलावंतांचे नुकसान झाले काय, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांतही एकवाक्यता नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विक्रीवर झालेला परिणाम जवळजवळ शून्य असल्याचे म्हटले. लीबोविट्झ यांच्यासारख्यांनी त्यावर कडाडून टीका केली. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मधील १४६० कोटी डॉलरवरून पुढील पंधरा वर्षांत निम्म्यावर आली, हे मात्र कोणी नाकारीत नाही. त्यानंतर मासिक वर्गणी भरून हवे ते ऐकण्याच्या सेवा आल्या आणि उलाढाल पुन्हा वाढली. वाद मिटला असे पुष्कळांना वाटले. परंतु एका ऐकण्यामागे कलावंताच्या वाट्यास सेंटचाही अंशच येतो. शिवाय स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला, की ज्या गीताला आधीच्या बारा महिन्यांत हजार श्रवणे लाभली नाहीत त्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. जगाच्या बाजारात हजार हा आकडा क्षुल्लक असेल. एखाद्या लहान बोलीतील गीतकाराच्या दृष्टीने तो डोंगर आहे. श्रोता आता चोर राहिला नाही, तो नियमित वर्गणीदार झाला. तरीही मधमाशीची स्थिती फारशी पालटलेली नाही.

मालकी आणि सार्वजनिक हित यांच्या या ओढाताणीविषयी ख्रिस्तसभेने जे चिंतन केले आहे त्याचा येथे केवळ निर्देश करतो. संत थॉमस ॲक्विनास यांनी मालमत्तेच्या प्रश्नात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: वस्तूची जोपासना व व्यवस्था मनुष्याने आपली म्हणून करावी, परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे या भावनेने गरजवंताला द्यायला तत्पर असावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या परिपत्रकात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य यांची मालकी हा आपल्या काळातील मालकीचा महत्त्वाचा प्रकार असल्याचे नमूद केले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये बौद्धिक संपदेच्या हक्कांचा, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, अतिरेकी ताठरपणे आग्रह धरणाऱ्या श्रीमंत देशांना दोष दिला. हक्क मान्य आहे, हक्काची मर्यादाही मान्य आहे. इंग्लंडच्या १७१० च्या पहिल्या ग्रंथहक्क कायद्याने नव्या ग्रंथाला चौदा वर्षांची आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षांची मुदत दिली होती. आज अमेरिकेत ती लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आहे, आपल्याकडे ६० वर्षे. मृत लेखकाच्या मधमाशा कोणत्या फुलांवर बसत असतील हे आम्हांला समजत नाही. इतक्या लांबलचक मुदतीचा लाभ बहुधा पोळे विकत घेणाऱ्यालाच होतो.

इतके विवेचन केल्यावर स्वतःविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गुरुदीक्षा घेऊन आम्ही नुकतेच एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून गेलो होतो, त्या वेळची ही गोष्ट. तेथील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना गीतरचनेचा छंद होता. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून मुंबईच्या एका लहानशा स्टुडिओत आठ गीते ध्वनिमुद्रित केली आणि पाचशे कॅसेटी काढल्या. एक कॅसेट त्यांनी आम्हांला भेट दिली. गीते फारच सुरेख होती. आमच्या युवक मंडळापाशी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर होता. आम्ही उत्साहाने त्या एका कॅसेटीच्या चाळीसेक नकला काढल्या आणि प्रत्येक वाडीतील प्रार्थनागटाला एकेक दिली; तिथून पुढे आणखी किती नकला निघाल्या याची गणती नाही. वर्षभरात ती गीते सर्वांच्या ओठी झाली. मिस्साच्या गीतपुस्तिकेतही आम्ही ती छापली. आपण सत्कार्य केले अशीच आमची भावना होती.

काही वर्षांनी मास्तर अंथरुणाला खिळल्याचे कळले म्हणून रुग्णाभ्यंग देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. खाटेखाली पुठ्ठ्याचे खोके रचलेले दिसले. काय आहे म्हणून विचारले, तर त्यांच्या पत्नीने संकोचाने सांगितले, "कॅसेटी आहेत, फादर. आता वाजवायचं यंत्रच कुणाकडे राहिलं नाही." कर्जाचे हप्ते मुलाने फेडले होते. आम्हांला शब्द सुचेना. "मास्तर, आमचं चुकलं," एवढेच कसेबसे म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "गाणी पोहोचली ना फादर, मग झालं." त्यांच्या या क्षमेने आमचा अपराध हलका झाला नाही. ज्योत पोहोचल्याचा आनंद मानण्याचा अधिकार त्यांचा होता; तोच आनंद पुढे करून मेणाचा हिशेब टाळण्याचा अधिकार आमचा नव्हता. आणि घरी परतून ती जुनी गीतपुस्तिका उघडून पाहिली तेव्हा अधिकच शरम वाटली. त्यांच्या आठही गीतांखाली आम्ही त्यांचे नाव छापले नव्हते. पैसे नव्हते ही सबब कॅसेटींपुरती तरी सांगता येईल. नाव छापायला तर एक छदामही लागत नव्हता.

येथे आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो हे सांगणे उपयुक्त ठरेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत होणारे गायनवादन हक्कभंगातून वगळले आहे. म्हणून उपासनेत एखादे गीत गायिल्याबद्दल गायकवृंदाने धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु ही सवलत विधीतील सादरीकरणापुरती आहे. पुस्तिका छापून विकणे, ध्वनिमुद्रण करून पसरविणे या गोष्टी तिच्यात आपोआप येत नाहीत. त्याच कायद्याने रचनाकाराला आणखी एक अधिकार दिला आहे: आपण या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा. आर्थिक हक्क विकून टाकल्यावरही हा अधिकार त्याच्यापाशी राहतो. कायद्याच्या रूक्ष भाषेतही नावाचे हे मोल ओळखले गेले आहे, ही समाधानाची बाब होय.

मग निष्कर्ष काय? 'चोरी' आणि 'वाटणे' हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून आम्ही 'ऋण' हा शब्द सुचवू इच्छितो. गाणे ऐकले की ऐकणारा ऋणी होतो. हे ऋण प्रत्येक वेळी पैशानेच फिटते असे नाही, तसेच ते फुकट फिटते असेही नाही. नाव घेणे ही त्याची पहिली फेड. शक्य असेल तेथे विकत घेणे ही दुसरी. आणि जो मध्यस्थ कलावंताच्या नावाने पैसे गोळा करतो त्याला हिशेब विचारणे ही तिसरी. गरीब विद्यार्थ्याने गाणे उतरवून घेतले तर त्याला लाखोंचा दंड करणे अन्याय आहे. आणि ज्याला परवडते त्याने फुकटेपणाला तत्त्वज्ञानाची झूल चढविणे हाही अन्यायच आहे. चोर म्हटल्याने माणूस निगरगट्ट होतो, दाता म्हटल्याने गर्विष्ठ. ऋणी म्हटल्याने तो निदान कृतज्ञ होण्याचा संभव आहे.

हा प्रश्न आता आणखी अवघड वळणावर आला आहे. २०२४ च्या जूनमध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी 'सुनो' आणि 'युडिओ' या यंत्राकडून गाणी रचवून देणाऱ्या उद्योगांवर दावे लावले. असंख्य ध्वनिमुद्रणांची विनापरवाना नक्कल करून ही यंत्रे शिकविली गेली, असा त्यांचा आरोप होता. वाद तोच आहे, पात्रे बदलली आहेत. कंपन्या आणि उद्योग यांच्यात तडजोडी होतील, परवाने दिले जातील. गाय आणि वासरू यांचा न्याय पुन्हा एकदा होईल. त्या न्यायात स्तोत्रकर्त्याचे नाव कोणी काढते किंवा नाही, एवढेच आपण डोळ्यांत तेल घालून पाहायचे आहे.

आमच्या धर्मग्रामाच्या नव्या गीतपुस्तिकेत प्रत्येक गीताखाली रचनाकाराचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव छापले आहे. जेथे नाव मिळाले नाही तेथे 'रचनाकार अज्ञात, माहिती असल्यास कळवावी' असे लिहिले आहे. विक्रीतून उरलेली रक्कम हयात रचनाकारांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना पाठविली. ती फार थोडी होती. मास्तरांच्या पत्नीने पाकीट उघडले, पैसे बाजूला ठेवले आणि पुस्तिकेतील ते पान काढून पतीच्या छापील नावावरून बराच वेळ बोट फिरवीत राहिल्या.